आजीच्या वहीतील पावशेर, चिपटे आणि 'अंदाजाने'

उदगीरकडच्या आणि सध्या पुण्यात राहणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. आजी गेल्यानंतर त्यांना तिची गोडाधोडाची वही मिळाली. त्या वहीवरून त्यांनी पुरणपोळी, खपली गव्हाची खीर आणि अनारसे असे तीन पदार्थ केले आणि तिन्ही बिघडले. पुरण सैल होऊन पोळीतून बाहेर आले, खिरीत दूध घालताच ती फाटली आणि अनारसे तुपात पसरून विरघळले. वहीत मापे शेर, पावशेर आणि चिपट्यांत आहेत आणि जागोजागी 'अंदाजाने' व 'लागेल तसे' असे लिहिले आहे. चूक आपली की वहीची, आणि ही वही वाचायची तरी कशी, असे त्या विचारतात.

ताई, चूक आपल्या हाताची नाही आणि आजींच्या वहीचीही नाही. गेली 38 वर्षे मी अंबाजोगाईत घरगुती फराळाचे आणि लग्नकार्यातील गोडाचे काम करते, आणि या काळात अशा पन्नासएक वह्या तरी माझ्या नजरेखालून गेल्या असतील. त्या सगळ्यांवरून माझे असे मत झाले आहे की आजीची वही परक्याला शिकवण्यासाठी लिहिलेलीच नसते. ती स्वतःसाठी केलेली टाचणे असतात. जे हाताला पाठ होते ते तिने लिहिले नाही आणि जे विसरण्यासारखे होते तेवढेच लिहिले. म्हणून वहीतला आकडा खरा असूनही अपुरा असतो. त्याच्या जोडीला पदार्थाची खूण हवी, म्हणजे तो कसा दिसतो, पळीला कसा लागतो, वास कधी बदलतो. या खुणा वहीत क्वचितच सापडतात, परंतु त्या परत मिळवता येतात.

आधी मापांचे बघू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. पावशेर हा शब्द दोन अर्थांनी वापरला गेला आहे. जुना पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. त्याचा पावशेर सुमारे 233 ग्रॅम, अदपाव सुमारे 117 ग्रॅम आणि छटाक सुमारे 58 ग्रॅम होतो. 1958 पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली, तरी लोकांच्या तोंडी पावशेर राहिलाच, आणि तो मग 250 ग्रॅमसाठी वापरला जाऊ लागला. बाजारात अजूनही मिरच्या पावशेरानेच मागितल्या जातात. आपल्या आजींनी कोणता पावशेर धरला होता, याची फार काळजी करू नये. डाळही पावशेर आणि गूळही पावशेर असेल, तर दोन्हीकडे तोच फरक पडतो आणि प्रमाण बिघडत नाही.

खरी अडचण चिपट्याची आहे. शेर हे वजनाचे माप होते तसेच ते धान्य मोजण्याच्या भांड्याचेही माप होते. चार शेरांची पायली, शेराचे निम्मे मापटे आणि मापट्याचे निम्मे चिपटे, अशी ती उतरंड. चिपटे भरून घेतलेली हरभऱ्याची डाळ आणि तेच चिपटे भरून घेतलेली कणीक यांच्या वजनात मोठा फरक असतो. एकाच भांड्यात डाळ कणकेच्या जवळजवळ दीडपट वजनाची मावते. त्यातच पायली गावोगाव लहानमोठी असे. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि इथले नाणेसुद्धा हाली, म्हणजे वेगळे होते. तेव्हा पुण्यामुंबईकडच्या एखाद्या पुस्तकातले मापांचे कोष्टक आपल्या आजींच्या वहीला जसेच्या तसे लावू नये. आपण 'चिपटेभर डाळ, पावशेर गूळ' हे वाचून एक चिपटे म्हणजे पाव किलो असे धरले आहे. तो अंदाज खरा निघेलच असे नाही, आणि पुरण सैल होण्याचे एक कारण तिथेच असण्याचा संभव आहे.

पुरणाचे दुसरे कारण आपल्याच पत्रात आहे. आपण डाळ कुकरमध्ये शिजवली आणि शिट्ट्या झाल्यावर त्यातच गूळ घातला. आजींच्या काळी डाळ मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजत असे आणि नंतर रोवळीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, उपसली जात असे. खाली उतरलेले ते पाणी म्हणजे येळवणी, आणि तिची आमटी होत असे. 'येळवणी काढणे' ही ओळ आजींनी पुरणाच्या पानावर न लिहिता आमटीच्या पानावर लिहिली असेल, एकदा बघून घ्यावे. माझ्या पाहण्यातील तीन वह्यांत ती तिथेच होती. कुकर वापरण्यास माझी हरकत नाही, परंतु डाळ शिजल्यावर ती चाळणीत ओतून किमान 15 मिनिटे निथळू द्यावी. डाळ बोटाच्या चिमटीत सहज चिरडली जावी, पण तिचा आकार शाबूत असावा. पूर्ण लगदा झालेली डाळ पाणी धरून ठेवते.

त्यानंतर गूळ. कोरड्या डाळीच्या वजनाइतका गूळ हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. गूळ फार गोड असेल तर मी पाव किलो डाळीला 225 ग्रॅम घेते. गूळ नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा, कारण गोडाच्या पाण्यात डाळ मऊ होण्याची क्रिया फार मंदावते, आणि मग कितीही उकळले तरी कणी राहते. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होते. नवशिक्या बाई इथेच घाबरते आणि गॅस बंद करते. आपणही याच टप्प्यावर थांबलात असे पत्रावरून वाटते. ते आटवत राहावे लागते. बुडबुडे प्रथम पातळ व भराभर येतात, मग जाड होऊन एकेक करून फुटू लागतात आणि पुरणाचे शिंतोडे हाताला चटके देतात. शेवटी पुरण कडेने सुटते आणि मधोमध उभी केलेली पळी पडत नाही. माझ्या सासूबाई त्याही पुढे अर्धा मिनिट थांबत आणि मगच पातेले उतरवत. गरम असतानाच पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून ते वाटून घ्यावे, कारण थंड झालेले पुरण नीट वाटले जात नाही. जायफळ, वेलदोडा आणि किंचित सुंठ वाटतानाच घालावी. सैल झालेले पुरण सुधारायचे असल्यास रुंद कढईत मंद आचेवर पुन्हा परतावे. त्यात पीठ मिसळण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पोळी वातड होते.

कणकेविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वहीत कधीच नसते. आपल्या आजींच्या घरी जिरायत जमिनीतला बन्सी गहू असणार. तो कठीण दाण्याचा आणि पिवळसर असतो. आज दुकानात मिळतो तो बहुधा लोकवन, म्हणजे गुजरातमधील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेले 'लोक-1' हे वाण, किंवा शरबती. या गव्हांचे पीठ पाणी वेगळ्या प्रमाणात पिते आणि वेगळे ताणले जाते. 'कणकेत पाणी लागेल तसे' असे आजींनी लिहिले, ते मोघमपणे लिहिलेले नाही. प्रत्येक वर्षीच्या गव्हाला वेगळे पाणी लागते हे त्या जाणत होत्या. कणीक सपिठाची, वस्त्रगाळ केलेली घ्यावी आणि तेलपाण्याच्या हाताने तिंबत राहावे. गोळा दोन्ही हातांनी ओढला असता न तुटता लांबला पाहिजे. तिंबलेली कणीक किमान एक तास झाकून ठेवावी. पुरण आणि कणीक यांचा मऊपणा बोटाला सारखा लागला पाहिजे. पोळी फुटते ती या दोहोंत तफावत असल्यामुळे, आणि हे एक वाक्य मला कोणीतरी वीस वर्षे आधी सांगितले असते तर माझे कितीतरी पुरण वाया गेले नसते.

आता खीर. उदगीरच्या बाजूला हिला हुग्गीही म्हणतात. बीदर जवळ असल्यामुळे तो कानडी शब्द आपल्याकडे सहज रुळला आहे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांच्यासोबत ही खीर शेतात नेली जाते. कडब्याच्या कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, पंगत बसते आणि वाटेने जाणाऱ्या माणसालाही बोलावून जेवायला बसवतात. त्या दिवशी खीर शेकड्यांनी माणसांना पुरवायची असते, म्हणून तिची कृती खरे तर अगदी साधी आहे.

खपली हा दाण्याला घट्ट टरफल असलेला गहू. तो रात्रभर भिजवून, निथळून, ओला असतानाच उखळात सडतात. वरचा कोंडा सुटतो, मग सुपाने पाखडून घेतात. उखळ नसेल तर भिजवलेला गहू मिक्सरमध्ये थांबत थांबत दोन-तीन वेळा फिरवावा आणि चोळून पाखडावा. सडलेली खपली हल्ली बाजारातही मिळते. ती गव्हाच्या पाच ते सहा पट पाण्यात, दाणा पूर्ण फुलून फुटेपर्यंत शिजवावी. दाणा जिभेने टाळूवर दाबला असता विरला पाहिजे. इथेही गूळ घालण्याची घाई करू नये, कारण डाळीला जो नियम आहे तोच गव्हाला आहे. गूळ गव्हाच्या कोरड्या वजनाइतका, आणि शेतावर नेण्याची खीर असेल तर सव्वापटीपर्यंत चालतो. त्यानंतर भाजून कुटलेली खसखस, किसलेले सुके खोबरे, सुंठ, वेलदोडा आणि थोडी बडीशेप घालावी.

आपण विचारता की वहीत तर 'नंतर दूध घालणे' असे स्पष्ट लिहिले आहे, मग दूध फाटले कसे? गुळात थोडा आंबटपणा असतो. खीर उकळती असताना त्यात दूध पडले की तो आंबटपणा आणि उष्णता मिळून दुधातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात. आजींचे 'नंतर' म्हणजे पातेल्यात नव्हे, वाढलेल्या वाटीत. त्या काळी उदगीरच्या घरात हे कोणाला सांगावे लागत नव्हते, म्हणून त्यांनी ते लिहिले नाही. खीर वाढावी, ती कोमट झाली की वरून सायीसकट थंड दूध आणि चमचाभर तूप घ्यावे. आपल्या भागातील देवणी गाईच्या दुधाचे, विरजण लावून आणि लोणी कढवून केलेले तूप त्यावर असेल तर दुधाचीही गरज राहत नाही, हे माझे वैयक्तिक मत. पुरणपोळीसोबतच्या गुळवणीलाही हेच लागू आहे. गुळाचे पाणी उकळून, गाळून, पूर्ण निवल्यावरच त्यात दूध घालावे.

अनारशांवर जरा जास्त लिहिते, कारण पत्रातील निराशा सर्वांत अधिक तिथेच दिसते, आणि मीही पहिल्या अधिक मासात याच पदार्थापाशी रडले आहे. सासरी नवी होते. जावयांना द्यायच्या 33 अनारशांचे पीठ मी एकटीने केले आणि पहिले आठ अनारसे तुपात जाळीऐवजी नुसता चुरा होऊन पसरले. आपल्याकडे याला 'अनारसा हसला' म्हणतात. घरातील मोठ्या जाऊबाईंनी काही न बोलता पिठाच्या गोळ्यात दोन मुठी कोरडी तांदळाची पिठी मळली, आणि नववा अनारसा फुलून आला. तो हातातून सुटलेला प्रसंग मला पुढे सर्वांत उपयोगी पडला.

कृती अशी आहे. जुना तांदूळ, शक्यतो जाडा, तीन दिवस भिजवावा आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरावा. दाणे हाताला ओलसर लागावेत, पण तळव्याला पाणी लागू नये. याच अवस्थेत तो कुटून किंवा दळून बारीक चाळणीने चाळावा. त्या ओलसर पिठीच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने किसलेला गूळ घालावा, चमचाभर तूप घालून घट्ट गोळा करावा आणि डब्यात पाच-सहा दिवस मुरू द्यावा. मुरताना गूळ पिठीतील ओल ओढून घेतो आणि गोळा आपोआप सैल होतो. म्हणूनच सुरुवातीला तो कोरडा वाटला तरी दूधपाणी घालू नये. आपण दूध घातलेत, आणि बिघाडाचे मुख्य कारण तेच आहे.

'तीन तास वाळवणे' असे आजींनी लिहिले आहे. त्या तीन तासांवर मात्र विश्वास ठेवू नका. अधिक मास दर वेळी एकाच ऋतूत येत नाही. 2023 मध्ये तो श्रावणात आला, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या दमट हवेत. 2026 मध्ये तो ज्येष्ठात, म्हणजे 17 मे ते 15 जून या काळात. मराठवाड्यातील मे महिन्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि तांदूळ पाऊण तासातच खडखडीत होतो. श्रावणात तोच तांदूळ संध्याकाळपर्यंत ओला राहतो. आजींनी ज्या वर्षी ती ओळ लिहिली, त्या वर्षीच्या हवेचे ते तीन तास होते. आपल्या स्वयंपाकघरात मोजायचे ते घड्याळ नसून तळव्याला लागणारी ओल आहे. पुण्याच्या पावसाळ्यात तर पंख्याखाली तांदूळ ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने मुठीत घेऊन पाहावा.

तळताना खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडावा, आच मंद ठेवावी आणि झाऱ्याने गरम तूप त्याच्यावर उडवत राहावे. तो उलटू नये. रंग बदामी झाला की काढून चाळणीत तिरपा उभा ठेवावा, म्हणजे तूप निथळते. आधी एकच अनारसा करून पाहावा, ही माझ्या कामाची पहिली शिस्त आहे. तो हसला तर गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळावी. तो कडक होऊन जाळी पडली नाही तर थोडे पिकलेले केळे कुस्करून घालावे. गोळा चांगला मुरलेला असेल तर तो डब्यात महिनाभर सहज टिकतो, त्यामुळे सगळे अनारसे एकाच दिवशी तळण्याचे कारण नाही.

आचेची गोष्ट वहीत येते तेव्हा ती सरपणाच्या भाषेत येते. आपल्याच वहीतील ओळ 'दोन तुऱ्हाट्या लावणे' आपल्याला कोडे वाटली. तुऱ्हाट्या म्हणजे तुरीची वाळलेली काटके. ती भडकन पेटतात आणि लवकर विझतात. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा जाळ थोडा अधिक टिकतो, आणि गोवरीची धग सर्वांत शांत आणि लांब. तेव्हा दोन तुऱ्हाट्या म्हणजे थोडा वेळ मोठी आच देऊन मग नुसत्या निखाऱ्यावर ठेवणे. गॅसवर हे करायचे तर आधी दोन-तीन मिनिटे मोठी आच, आणि मग पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवून सर्वांत बारीक ज्योत ठेवावी. पाकाच्या बाबतीत तर आजींच्या खुणा इतक्या नेमक्या आहेत की मला कधी तापमापकाची गरज भासली नाही. ज्यांना तो वापरायचा आहे त्यांच्यासाठी सांगते. थंड पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी होते तो गोळीबंद पाक साधारण 112 ते 116 अंश सेल्सिअसला येतो.

आपण विचारले नाही, पण वहीच्या ज्या पानांची छायाचित्रे पाठवली आहेत त्यांत मला आणखी काही दिसले, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'चीक, दूध साखर' अशी एक ओळ आहे. ती कुरडईच्या हिशोबात घुसली असल्यामुळे आपल्याला ती चुकीची नोंद वाटली असेल. गहू तीन दिवस भिजवून, पाणी रोज बदलून, वाटून, गाळून जो पांढरा सत्त्वांश खाली बसतो तो चीक. कुरडया घालण्याच्या दिवशी तो उकळत्या पाण्यात शिजवतात, आणि घाट्यासारखा झालेला गरम चीक वाटीत काढून दूधसाखर किंवा तूपगूळ घालून मुलांना आधी देतात. उन्हाळ्याच्या कामातून आपसूक निघणारे ते गोड आहे. बाजारात ते सहसा मिळत नाही आणि म्हणूनच ते लवकर विसरले जात आहे. त्याच पानावरील बोटवे, नखुले, मालत्या आणि गव्हले ही सगळी वळवटाची नावे आहेत. शेवयांच्याच पिठाची ती हाताने वळलेली बारीक दाणेदार रूपे, खिरीसाठी आणि रुखवतासाठी वर्षभर साठवलेली. तिथे मापे लिहिलेली नाहीत, कारण ही कामे शेजारच्या चारपाच घरांतील बायकांनी मिळून एकेका अंगणात केलेली असत आणि माप त्यांच्या गप्पांत ठरत असे.

नागपंचमीच्या पानावर दिंडे आहेत. त्या दिवशी चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही आणि तळायचे नाही, म्हणून पुरण कणकेच्या पारीत चौकोनी मिटून वाफवतात. पुरण जमले की दिंडांना वेगळे शिकण्याची गरज नाही, फक्त पारी पोळीपेक्षा जाड ठेवावी. शेंगापोळीचेही फार काही नाही. दाणे मंद आचेवर टरफल हाताने सुटेपर्यंत भाजावेत, दाण्यांच्या पाऊणपट गूळ घ्यावा आणि कुटताना तेल सुटण्याआधी थांबावे.

एका पानाच्या कोपऱ्यात 'शीर' असे लिहून पुढे शेवया, खारीक, चारोळी, दूध असा तपशील आहे. तो शीरखुर्मा आहे. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आपल्या आजींना तो ईदच्या दिवशी शेजारच्या घरातून आलेल्या वाटीतून कळला असावा, असे मला त्या पानाकडे पाहून वाटले. उदगीरसारख्या गावात संक्रांतीचा तिळगूळ त्या घरी गेला आणि ईदचा शीरखुर्मा या घरी आला, अशा देवघेवीत मीही लहानाची मोठी झाले. शेवया तुपात परतून घ्याव्यात, खारका आदल्या रात्री दुधात भिजवाव्यात, आणि वाढताना खीर ओघळती राहील इतके दूध ठेवावे. थंड झाल्यावर ती घट्ट होतेच.

आणखी एक पान मला थांबवून गेले. त्यावर 1972 असे साल आहे आणि गूळ, तूप या दोन्ही शब्दांपुढे आधीचे माप खोडून निम्मे लिहिले आहे. आपण ते माप प्रमाण मानून खीर केलीत, म्हणून ती बेचव लागली असणार. त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळत होती आणि दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली जात होती. गोडाचा सण घरात सोडवत नव्हता आणि गूळ तर आणायला पैसे नव्हते, म्हणून आजींनी मापच निम्मे केले. त्यांनी ते पुन्हा दुरुस्त केले नाही, कारण पुढच्या वर्षी जास्त घालायला त्यांना लिहून ठेवण्याची गरज नव्हती. त्या पानाची कृती करताना खोडलेले वरचे माप घ्यावे. खोडलेली ओळ मात्र तशीच राहू द्यावी आणि नवी वही उतरवताना तीही त्या सालासकट उतरवावी.

नवी वही उतरवायची ती अशी. स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवावा आणि प्रत्येक जिन्नस पदार्थात पडण्याआधी व उरल्यानंतर तोलावा. घरातील एखादी आत्या किंवा मावशी अजून करत असेल, तर तिला माप विचारू नये, कारण ती अंदाजाने सांगेल आणि तो अंदाज वहीपेक्षाही कच्चा असेल. तिला तिच्याच घरी, तिच्याच परातीत, तिच्या मुठीने करू द्यावे आणि आपण फक्त तिच्या मुठीतील जिन्नस काट्यावर ओतून घ्यावा. मूठ माणसागणिक बदलते. माझी मूठभर कणीक 45 ग्रॅम भरते आणि माझ्या सुनेची 38. पदार्थ होत असताना 'आता काय बघताय?' असे मधून मधून विचारावे, आणि शेवटी 'हे कधी बिघडले होते का?' असेही विचारावे. बिघडलेल्या वेळेची आठवण सांगताना बायका नेमक्या खुणा सांगतात, कृती सांगताना त्या सांगत नाहीत. मला पळी उभी राहण्याची खूण अशाच एका बिघडलेल्या पुरणाच्या गोष्टीतून मिळाली.

आपण लिहिले आहे की उदगीरला आपल्या आत्यांच्या घरी आजींचे पितळी चिपटे अजून आहे आणि त्यात सध्या दिव्याच्या वाती ठेवतात. ते धुऊन, पुसून हरभऱ्याच्या डाळीने काठोकाठ भरावे, वरची डाळ बोटाने सपाट करावी आणि तोलावी. मग तेच कणकेने, तांदळाने आणि किसलेल्या गुळाने भरून तोलावे. वजनाचे हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. त्यानंतर पुरणाचे पान पुन्हा काढावे, आणि त्या डाळीच्या वजनाशी पावशेर गूळ किती जुळतो ते बघावे. तो आकडा मला कळवलात तर आजींचा पावशेर जुना होता की नवा, तेही आपल्याला ठरवता येईल.